दसऱ्याची उदबत्ती आणि मी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पाण्याची नव्हे, लगेच तोंडं वाकडी करू नका! भांडुपच्या एका कारखान्यात माझ्या पोटात जिवंत पेशी वाढायच्या आणि त्यांच्यापासून औषध बनायचं. पेशींची जात भारी नाजूक. जरा ऊब वाढली की रुसल्या, जरा धूळ गेली की मेल्याच. माझी देखभाल कमळताई करायच्या. मालक श्यामकांत साहेब पाहुण्यांसमोर माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "ही आमची लक्ष्मी!" पुढे मी गळायला लागले आणि लक्ष्मीचा डबा झाला.

मग साहेबांनी स्मार्ट, म्हणजे यंत्रं स्वतःच सगळं सांभाळतील अशा कारखान्याचा ध्यास घेतला. तो जमेल का, परवडेल का, माणसांना झेपेल का, हे तपासायला मधुवंती मॅडम आल्या. त्यांनी शेजारच्या काचेच्या खोलीत एक छोटं स्मार्ट यंत्र चाचणीसाठी बसवलं. ते पास झालं की मी भंगारात, असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. मी जाम घाबरले. यंत्राच्या नावाने खूप बोटं मोडली, पण मेलं चुकेचना! त्याच्या पेशी कशा गुटगुटीत.

अशात दसरा आला. कमळताईंनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि नव्या मशीनची पूजा?"

"सर, आत नको! ती खोली निर्जंतुक आहे."

"अगं मधुवंती, एवढी महागाची वस्तू दसऱ्याला तशीच ठेवू? एकच उदबत्ती. हा गेलो, हा आलो."

साहेबांनी नियमाप्रमाणे हात धुतले. टोपी, मास्क, झगा, मोजे, सगळं चढवलं. आणि पेटती उदबत्ती घेऊन आत शिरले!

यंत्राला धूर कळला. भोंगा वाजला, काम थांबलं, हवा साफ होईपर्यंत दार बंद. साहेब आतून हात जोडत होते, देवाला की यंत्राला ते कळेना. कमळताई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मलाही उकळ्या फुटत होत्या. सुटले बाई, असं वाटलं.

बाहेर येताच साहेब ओरडले, "मशीन नापास!"

"मशीनने बरोबर केलं, सर," मॅडम म्हणाल्या. "नापास तुम्ही झालात."

माझं अवसानच गळालं. आता भंगार नक्की!

कमळताई पुढे झाल्या. "मॅडम, साहेब काय ऐकणारेत? पुढच्या वर्षी आत नारळ फोडतील. त्यांना पूजेला बाहेरच काहीतरी ठेवा ना."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं, मग हार घातलेल्या माझ्याकडे पाहिलं.

स्मार्ट कारखाना झाला. मी त्याच्या फाटकाशी उभी आहे, आणि मॅडमच्या अहवालात माझं नाव 'सुरक्षा यंत्रणा' या सदरात आहे. दसऱ्याला साहेबांची सगळी भक्ती माझ्यावरच थांबते, आत एक कणही जात नाही. एरवी मात्र माझ्याकडे कुणी बघत नाही. कुंकू तसंच वाळतं, त्यावर धूळ बसते. एके काळी धुळीचा एक कणही मी आत घेतला नाही हो! म्हणून सांगते मित्रांनो, हार नाही घातलात तरी चालेल, अधूनमधून ओला फडका तेवढा फिरवा.