बोंडाचे हिरवे डोळे

मुलांनो, डोळे मिटून घ्या आणि कल्पना करा. थांबा, मिटू नका. मिटलेत तर पुढचे वाचणार कसे? डोळे उघडेच ठेवा, दिवे मात्र मनातल्या मनात मालवा. बंगळूरमधल्या राजाजीनगरातला एक छोटा हॉल. १९९९ सालचा डिसेंबर. खंडोबाचे नवरात्र चालू आहे आणि इथली आपली मराठी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. ट्यूबलाइट बंद, फक्त समई तेवते आहे. समोर पाटावर बिंदुनाथ महाराज. गळ्यात रुद्राक्षांऐवजी एक चकचकीत, साबणाच्या डबीएवढा कॅमेरा!

"भंडारा उधळा!" महाराज गरजले. "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" मूठमूठ हळद हवेत उडाली. दोघेतिघे शिंकले.

"हलू नका! श्वास रोखा! हनुवटी स्वल्प खाली! मावशी, पदर सावरा. हां, आता... दैवता, ये!"

लख्ख! विजेसारखा उजेड पडला आणि सगळे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काड्यापेटीएवढ्या पडद्यावर तुटून पडले. पडद्यावर नयनामावशी होत्या, आणि त्यांच्या डोक्याभोवती सोनेरी गोळे तरंगत होते. लहान, मोठे, इडलीसारखे गोल.

"मल्हारीचे दूत!" महाराज म्हणाले. "साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी बोलावतो तेव्हाच येतात."

"माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहेत," नयनामावशी शेजारणीला म्हणाल्या.

"तुझ्या अंबाड्यामुळे वाटतायत जास्त," शेजारीण म्हणाली.

मग मागच्या रांगेतल्या अजितने विचारले, "महाराज, हे दूत म्हणजे हळदच नसेल ना?" महाराज हसले. त्यांनी अंगठ्याने कॅमेऱ्यावरचे एक बारीक बटण दाबले आणि त्याचा फोटो काढला. भंडारा पुन्हा उधळला होता, पण या वेळी वीज चमकली नाही आणि पडद्यावर गोळा म्हणून नव्हता.

"पाहा. शंका घेणाऱ्यावर दैवत रुसतं!"

अजित बिचारा दोन्ही कान धरून खाली बसला.

आता गंमत ऐका. तो कॅमेरा महाराजांचा नव्हताच! तो होता सुहासचा. सुहास म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कस्तुरीचा बाप, कॉम्प्युटर कंपनीतला इंजिनिअर, नुकताच अमेरिकेहून परतलेला. तोच तो रोज मोठ्या भक्तीने महाराजांच्या गळ्यात घालायचा आणि रात्री घरी न्यायचा. "तात्या, यात फिल्मच नाही," तो मला सांगायचा. "फिल्म असली तर धुताना कुणी काहीही करेल. हा डिजिटल आहे. काढला की लगेच दिसतो. लबाडीला जागाच कुठंय?"

एवढा शिकलेला माणूस, पण हळद फिल्मवर नव्हे, हवेत उडते आहे, हे काही त्याच्या डोक्यात येईना.

त्या संध्याकाळी भंडाऱ्याबरोबर उधळलेल्या खोबऱ्याच्या वासाने बोंडा हॉलमध्ये शिरला. बोंडा म्हणजे कस्तुरीचा कुत्रा. पिल्लू असताना उडपी हॉटेलातल्या बोंड्यासारखा गोल होता, म्हणून बोंडा. त्याने महाराजांकडे पाहिले आणि नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला.

पडद्यावर बोंडाच्या डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे जळत होते.

"पिशाच!" महाराज पाटावर उभे राहिले. "चंपाषष्ठीच्या आरतीपूर्वी हे बाहेर गेलं पाहिजे. नाहीतर दूत परत जातील!"

"तो पिशाच नाही, बोंडा आहे," कस्तुरी म्हणाली. दहा वर्षांची पोर, पण आवाज मोठा. "आणि खंडोबाजवळपण कुत्रा असतो की!"

"त्या कुत्र्याचे डोळे असे नव्हते."

"तुम्ही फोटो काढला होता का?"

"कस्तुरी!" संध्या, तिची आई, दबक्या आवाजात ओरडली. सुहासने तर तिथेच निकाल लावला. हॉलची देखभाल करणारे हयवदनअण्णा षष्ठीला बोंडाला टेम्पोत घालून पार बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे सोडून येतील.

"सरी, सर," अण्णांनी कन्नडमध्ये होकार दिला, पण त्यांचा चेहरा पडला. बोंडाला रोज सकाळी बिस्किट तेच देत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कस्तुरी माझ्या दारात उभी. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात बोंडा.

"तात्या, याच्यात पिशाच आहे का?"

"कुणात? कुत्र्यात की कॅमेऱ्यात?"

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग म्हणाली, "ते कसं शोधायचं?"

मुलांनो, जन्मभर शाळेत शिकवले, पण याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी म्हणालो, "दोन फोटो काढ. सगळं तसंच ठेव, फक्त एकच गोष्ट बदल."

आम्ही पडदे ओढून खोली अंधारी केली. कॅमेऱ्यावर विजेच्या आकाराची खूण असलेले बटण होते. तेच ते, महाराजांच्या अंगठ्याखालचे! ते दाबले की पडद्यावरचे चित्र बदले. नुसती वीज म्हणजे फ्लॅश उडणारच. विजेवर काट म्हणजे उडणार नाही. विजेशेजारी डोळा म्हणजे फ्लॅश आधी लुकलुकणार आणि मग उडणार, म्हणजे माणसांचे डोळे लाल येत नाहीत.

नुसती वीज ठेवली. बोंडाचे डोळे हिरवे! काट मारली. डोळे साधे, तपकिरी, थोडे केविलवाणे. पण फोटो हलला होता. "फ्लॅश नाही म्हणून कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करतोय," मी म्हणालो. "तेवढ्यात तुझा हात हलला. कशावर तरी टेकव." तिने तो पोह्यांच्या डब्यावर ठेवला आणि पुन्हा काढला. बोंडा स्वच्छ आला. पिशाच डब्याला घाबरले असावे.

मग तिने माझी टाल्कम पावडर हवेत झटकली. फ्लॅश लावून काढला, तर माझ्या टकलाभोवती गोळेच गोळे! काट मारून काढला, तर नुसते टक्कल.

"तात्या, तुमच्याकडे महाराजांपेक्षा जास्त दूत आहेत!"

"आणि सगळ्यांना पावडरचा वास येतोय."

ती हसता हसता एकदम थांबली. "पण मी सांगितलं तर माझे अप्पा ऐकतील?"

"सांगू नकोस. दाखव," मी म्हणालो.

षष्ठीची संध्याकाळ झाली. हॉलमध्ये वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्यांचा घमघमाट. बाहेर टेम्पो उभा. अण्णांच्या हातात दोरी, दोरीला बोंडा. तो खुशाल शेपूट हलवत होता. त्याला वाटले, फिरायला न्यायचे आहे.

"महाराज," ती पुढे होऊन म्हणाली, "बोंडाला नेण्याआधी तुमचा एक फोटो काढू? तुमचा एकही नाही."

"अगदी बरोबर!" सुहास खूश झाला आणि त्याने महाराजांच्या गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी चटकन डोळे मिटले. "आम्ही ध्यानात असतो."

कस्तुरीने डोळ्याची खूण टाळली, नुसती वीज ठेवली, कॅमेरा उलटा धरला आणि एक बोट काचेसमोर आणले. "हनुवटी स्वल्प वर, महाराज. हां. दिसतंय का बरोबर?"

महाराजांनी एक डोळा किलकिला केला, आणि त्यांच्याने राहवेना. दोन्ही डोळे वटारून ते ओरडले, "अगं, बोट आलंय पुढे! उलटा धरलायस! शिवाजीनगरच्या स्टुडिओत बारा वर्षं..."

कस्तुरीने बोट काढले. लख्ख!

पडद्यावर महाराज उलटे होते, आणि त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लालभडक होते.

"अय्यो!" अण्णा म्हणाले. "पिशाच!"

"महाराजांत शिरलं!" नयनामावशींनी भंडाऱ्याची परात उचलली. "धरा त्यांना! आरतीपूर्वी बाहेर गेलं पाहिजे!"

"टेम्पो उभाच आहे," अजितने आठवण करून दिली.

अण्णांनी बोंडाची दोरी सोडली आणि ते महाराजांकडे निघाले. मूठभर हळद महाराजांच्या नाकात गेली.

"थांबा! पिशाच नाहीये!" कस्तुरी जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण ऐकतो कोण?

शेवटी महाराजच किंचाळले, "फ्लॅश आहे तो! आक्छी! मूर्खांनो, फ्लॅश! अंधारात बाहुली मोठी होते, उजेड आत जातो, आतलं रक्त लाल दिसतं!"

नयनामावशींनी परात खाली ठेवली.

"आणि कुत्र्याचं?" कस्तुरीने विचारले.

"कुत्र्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो," महाराज रडवेले होऊन म्हणाले. "म्हणून हिरवं."

"आणि दूत?"

"हळद! फ्लॅश काचेच्या अगदी जवळ असतो ना, म्हणून काचेपुढचा कण लख्ख उजळतो. फार जवळचा म्हणून अस्पष्ट, फुगून गोल दिसतो. मला टेम्पोत घालू नका!"

महाराज टेम्पोत गेले नाहीत. भंडाऱ्याने पिवळेजर्द होऊन आपल्या पायांनी गेले. सुहास मात्र बोंडाजवळ उकिडवा बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे कस्तुरीला म्हणाला की बोंडाला, ते मला कळले नाही.

मुलांनो, खंडोबावर श्रद्धा ठेवायची की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढेच करा. सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहा. आणि जो ती बदलू देत नाही, त्याच्या अंगठ्याखाली कोणते बटण आहे तेवढे बघा.

मग कस्तुरीने पहिला रोडगा भरितासकट बोंडापुढे ठेवला. कॅमेरा भरिताच्या पातेल्यावर टेकवला, विजेवर काट मारली आणि त्याचा फोटो काढला. डोळे तपकिरी, तोंड भरिताने माखलेले. शेपूट मात्र फोटोत नव्हते. फारच जोरात हलत होते ते.

"अगं!" सुहास पडद्याकडे बघून ओरडला. "शेपूट गायब!"

कस्तुरीने कपाळावर हात मारला, बापाला हाताला धरून खाली बसवले आणि म्हणाली, "अप्पा, परत पहिल्यापासून सांगते."