सुईणीचे हमीपत्र

कायदा हा राष्ट्राचा कणा आहे! तो ढळला, तर अवघा समाज कोलमडून पडेल!

नागरिकहो, आमच्या आर्वीकडच्या एका जन्मनोंदणीच्या कचेरीत हा कणा कारकून मधुकररावांच्या टेबलावर काचेखाली ठेवलेला असे. अर्जाला लागणाऱ्या बारा कागदांची टाइप केलेली यादी, आणि तिच्यावर चहाचा गोल डाग.

सोमवारी त्या कण्यासमोर बापूराव उभा होता. रोहण्याला वांगी-पालक पिकवून बाजारात नेणारा माणूस. घरात साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारा; पण या टेबलापुढे तो दोन पावले मागेच उभा होता. त्याच्या दीपमालाला नर्सिंगला जागा मिळाली होती. जन्माच्या नोंदीत मात्र तिचे नावच नव्हते, नुसते 'मुलगी' एवढेच. नाव चढवलेला दाखला उद्या पाचच्या आत कॉलेजात पोचला नाही, तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

"सातवा कागद कुठी आहे?" मधुकररावांनी मान वर न करता विचारले.

"कोणता जी?"

"सुईणीचं हमीपत्र. सुईण सोबत पाहिजे."

"साहेब, जयवंताबाईले जाऊन तं नऊ वर्षं झाले."

"मंग तिच्या मृत्यूचा दाखला आणा. अन् ती सुईण होती याचा पुरावा."

"साऱ्या गावाले माहीत आहे ना जी!"

"गाव फाइलले लावता येत नाई."

बापूराव आपले कागद गोळा करू लागला. हे कोणत्या कायद्यात आहे, ते विचारावे, असे त्याच्या मनात आले. पण विचारले तर साहेब चिडतील, बाकीचे अकरा कागदही खोटे म्हणतील, केस करतील, पोरीची जागा जाईल ती जाईलच, वर पोलीस घरी येतील! एवढी मोठी भीती त्याने उभ्या उभ्या, एकही कागद न जोडता, मंजूर करून टाकली.

"जातो जी," तो पुटपुटला.

"थांबा भाऊ," शेजारच्या टेबलावरून पौर्णिमा म्हणाली. तिला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. "काकाजी, ते नवीन सॉफ्टवेअर आलं ना, त्यात टाकून पाहू का? कागदाचं नाव टाकलं का तो कोणत्या कायद्यानं मांगता येते, ते दिसते."

"बावीस वर्षं झाले हेच काम करून राह्यलो मी. आता मशीन शिकवीन मले?"

आवाज चढा होता, पण मानेवर घाम होता. ते सॉफ्टवेअर जिल्ह्यावरून आल्यापासून मधुकरराव त्याला, वाटेत निजलेल्या अनोळखी कुत्र्याला घालावा तसा, वळसा घालून जात होते.

पौर्णिमाने पहिल्या कागदाचे नाव टाकले. कायदा, कलम, सगळे उमटले. मधुकररावांनी श्वास सोडला. मग तिने सातवा टाकला. पडद्यावर एक चक्र बराच वेळ फिरले.

'या कागदाची मागणी करणारा कोणताही कायदा अथवा नियम आढळला नाही.'

"नीट टाक ना पोरी!"

तिने तीन तऱ्हांनी टाकून पाहिले. उत्तर तेच.

"मंग हे आलं कुठून, काकाजी?"

मधुकररावांनी काचेवरून सातव्या ओळीवर बोट ठेवले. नोकरीचे तिसरे वर्ष त्यांना आठवले. एक पोर नेमके कोणाचे, यावरून दोन जावा कचेरीत भांडल्या होत्या. तेव्हाचे साहेब वैतागून ओरडले, "बोलवा त्या सुईणीला!" विसरू नये म्हणून मधुकररावांनी ते यादीच्या कडेला पेन्सिलीने लिहिले. भांडण संध्याकाळपर्यंत मिटले. पुढच्या महिन्यात यादी नव्याने टाइप झाली, आणि पेन्सिलीच्या त्या टिपणाचा सातवा क्रमांक झाला!

"कितीक लोक वापस गेले असतीन?" पौर्णिमाने हळू विचारले.

"एक कुंताबाई होती," मधुकरराव म्हणाले. "नातवाच्या नावासाठी तीनदा आली. चौथ्यांदा आलीच नाई." मग एकदम, "पोरी, माह्यावर चौकशी लागन का वं?"

"ते मले नाई माहीत. पण काकाजी, हे भाऊ तुम्हाले भेत होते, तुमी यादीले भेत होते. कायद्याले जाऊन कोणी विचारलंच नाई. अन् दीपमाला घरी बसली असती, त्याचा दोष कोणाच्या नावावर चढवला असता?"

मधुकरराव उठले! त्यांनी काच उचलली, सातव्या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि बापूरावाचा अर्ज स्वतः साहेबांच्या खोलीत नेला. परत आल्यावर जुन्या रजिस्टरात कुंताबाईचा पत्ता शोधायला बसले. सव्वाचार वाजता बापूरावाच्या हातात दाखला होता. त्यावर लिहिले होते: दीपमाला.

तेव्हा नागरिकहो, कोणी कागद मागितला, तर तो कोणत्या कायद्याने, हे विचारत जा. हात जोडून विचारा, पण विचारा. आणि खुर्चीत तुम्हीच बसला असाल, तर समोरच्याने विचारण्याची वाट पाहू नका. भ्यालेला माणूस विचारत नसतो.

पौर्णिमाने पडद्यावरचे ते उत्तर छापून बापूरावाला दिले. "गावात कोणाले सुईण मांगतली, तं हे दाखवजा."

बापूरावाने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि पुन्हा थोडा घाबरला.

"ताई," तो म्हणाला, "यावर एखादा शिक्का मारून देता का जी?"