तवशाच्या बिया

मनस्विनीने खिडकीतली करवंटी उचलून डोळ्यांसमोर धरली. आतलं रोप रात्रीतून आणखी लांबलं होतं, जाड मात्र झालं नव्हतं. दोऱ्याएवढा पांढुरका देठ उजेडाकडे झुकलेला, आणि दोन्ही पानं अजून बियाच्या टरफलात अडकलेली. शेजारच्या करवंटीतलं रोप मातीलगत मऊ पडून आडवं झालं होतं.

“पाणी जास्त होतंय,” भास्करराव दारातून म्हणाले.

“काल घातलंच नाही, बाबा.”

“मग कमी होत असेल.”

तिने मागे वळून पाहिलं नाही. फोनवर वाचून जे करण्यासारखं होतं ते सगळं करून झालं होतं. करवंट्यांना तळाशी भोकं पाडली, त्या पूर्वेच्या खिडकीत हलवल्या, देठांत बळ यावं म्हणून रोज रोपांवरून हलकेच हात फिरवला. अंगणात ठेवायची सोय नव्हती; वानरांनी एका सकाळीत सगळं उपटून टाकलं असतं. पाऊस लागेपर्यंत ती घरातच जगवायला हवी होती.

जगवायलाच हवी होती, कारण दुसरं बी नव्हतं. आई दरवर्षी पहिलं तवसं न तोडता वेलावरच पिकू द्यायची. मग त्याच्या बिया राखेत घोळवायची आणि शेणाच्या गोळ्यात दाबून मागच्या पडवीच्या भिंतीवर थापायची. विकतच्या काकडीला नुसती पाण्याची चव, असं म्हणून तिने बाजारचं बी कधी घरात येऊ दिलं नाही. यंदा भिंतीवर एकच थापी सापडली, आणि तीही जुनी. गेल्या वर्षी आईने वेल लावलाच नव्हता. हे मनस्विनीला आई गेल्यावर कळलं, बाकीच्या सगळ्यासारखंच.

ती हैदराबादला होती. रोज संध्याकाळी फोन करायची, आणि भास्करराव आवाज न चढवता, न उतरवता सांगायचे, “झोपलीय. बरी आहे. तू काळजी करू नकोस.” त्यातल्या कितीतरी संध्याकाळी ते हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून बोलत होते. ‘ताबडतोब नीघ’ असं त्यांनी कळवलं, तेव्हा आई कुणाला ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. नवी नोकरी तुझी, उगाच जिवाला घोर कशाला, असं त्यांनी बाराव्याच्या दिवशी पाहुण्यांदेखत सांगितलं. पाहुण्यांनी माना हलवल्या. मनस्विनीने ताटं उचलली.

ती परत गेली नाही. पडवीतली थापी फोडून तिने बिया पेरल्या. बरेच दिवस काहीच उगवलं नाही, आणि ती रोज सकाळी उठून कोऱ्या मातीकडे पाहत राहिली. मध्येच एकदा भास्करराव भर उन्हात बाजारात जाऊन आले, चष्म्याची काडी सुटलीय, ती बसवून घेतो म्हणून. आणि मग एके सकाळी त्यांनीच तिला हाक मारून उठवलं होतं. “मनू, उगवलं की गो तुझं.” त्या दिवशी, आई गेल्यापासून पहिल्यांदा, ती त्यांच्या शेजारी बसून जेवली.

आता तिने ओलं बोट टरफलावर टेकवून ठेवलं. नखाने ओढलं तर पानं फाटतात. आधी भिजू द्यायला हवं. थोड्या वेळाने ते आपसूक सुटलं आणि बोटाला चिकटून आलं.

ओल्या बोटाने वरची माती निघाली होती; टरफल गुलाबी होतं. रंग बराच धुतला गेला होता, पण गुलाबीच. दुकानातल्या पाकिटातल्या बियांना औषध चोळलेलं असतं, तसं. तिने ते बोटांत घोळवून पाहिलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

चमच्याच्या दांड्याने तिने माती उकरली. जरा खाली, तिने ठेवलं होतं तिथेच, आईचं बी होतं. कडेला राखेचा करडा रंग अजून होता. चिमटीत धरून दाबल्यावर त्यातून पाणी आलं. आत काही नव्हतं. तिने ते परत होतं तिथे ठेवलं, माती लोटली आणि अंगठ्याने सारखी केली.

भास्करराव दोघांचा चहा घेऊन आले. चालताना चष्मा घसरला, तो त्यांनी मनगटाने वर सरकवला. त्याची काडी अजून पांढऱ्या दोऱ्यानेच बांधलेली होती.

“कशी आहेत गो रोपं?”

मनस्विनी त्या दोऱ्याकडे पाहत राहिली.

“बरी आहेत,” ती आवाज न चढवता म्हणाली. “तुम्ही काळजी करू नका.”

त्यांनी बशीत सांडलेला चहा कपात ओतला. तिचा कप ठेवायला कट्ट्यावर जागा करताना त्यांचं बोट त्या गुलाबी टरफलापाशी थांबलं. कप त्यांनी जरा बाजूला ठेवला.