फौजेला जेवू कोण घालतं

उद्धवराव पोस्टातून निवृत्त होऊन बायकोच्या गावी राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते रोज सकाळी नऊ वाजता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, हवामानासकट, काहीही न गाळता. त्या मंगळवारी ऐकायला चौघे होते. त्यांतल्या सत्यभामाबाई पेपरसाठी आल्या नव्हत्या, रेशनचं दुकान उघडायची वाट पाहत होत्या.

सातव्या पानावर परदेशातली बातमी होती. एका देशात दोन वर्षांपासून यादवी चालू होती. शेजारच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी भर सभेत जाहीर आवाहन केलं होतं, की या यादवीत कोणीही आपली फौज उतरवू नये. भांडण त्या घरातलं आहे, त्यांचं त्यांना मिटवू द्या. बाहेरची फौज मिटवायला येते आणि मुक्कामाला राहते.

"यादवी म्हंजे काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"एकाच देशातल्या लोकांची आपसातली लढाई. भावाभावांची म्हणा."

"आन हा सांगणारा कोन लागतो त्यांचा?"

"शेजारी."

"त्याला काहून तकलीफ?"

"लढाईतून पळालेली माणसं त्याच्या हद्दीत येऊन राहिली आहेत. हजारोंनी, असं लिहिलंय."

सत्यभामाबाईंनी रेशनची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "फौज उतरली तर तिला जेवू कोन घालतं?"

उद्धवरावांनी बातमी पुन्हा वरून खाली वाचली. "ते दिलेलं नाही."

"मंग बातमी अर्धीच हाय."

रेशनचं दुकान उघडलं, तरी त्या उठल्या नाहीत.

त्यांच्या घरातल्या भांडणाचा तो एकोणिसावा दिवस होता. मसाजी आणि रामप्रसाद हे त्यांचे दोन मुलगे. दोघांत मिळून चौसष्ट मेंढरं आणि बांधाला बांध लागून दोन शेतं. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायच्या आधी मेंढरं रात्रीची शेतात बसवायची, म्हणजे जमिनीला खत मिळतं. यंदा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी लवकर सुटणार होतं, येत्या सोमवारी. तेवढ्या रात्रींत एकच शेत नीट होणार होतं. कोणाचं, यावरून सुरू झालेलं भांडण मेंढरांच्या वाटणीवर येऊन थांबलं होतं. मेंढरं मसाजी राखायचा. रामप्रसाद ऑटो चालवायचा. वाटणी झाली, की त्याची बत्तीस मेंढरं कळमनुरीच्या बाजारात जाणार, हे उघड होतं. आणि उरलेल्या बत्तीस मेंढरांना कोणता शेतकरी शेतात बसवायला बोलावणार? सत्यभामाबाईंना कळप फुटू द्यायचा नव्हता. बाकी कोण बरोबर, कोण चूक, यात त्या पडत नव्हत्या.

त्यातच आदल्या दिवशी, सोमवारी, मसाजीच्या बायकोनं, दीपमालानं, सेनगावाकडं भावाला फोन केला होता. भाऊ वसराम म्हणाला होता, "गुरुवारी जीप भरून येतो. एका बैठकीत वाटणी करून देतो." रामप्रसादनं हे ऐकून सांगितलं होतं, की मग माझ्या सासरचे सोळा जण येतील.

"उद्धवराव," सत्यभामाबाई म्हणाल्या, "त्या अध्यक्षानं केलं तसं आवाहन माझ्याकडून लिहून द्या. भोंग्यावर सांगू."

उद्धवरावांनी चष्मा पुसला आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलं : 'माझ्या घरातील वादात बाहेरील कोणीही माणसे घेऊन उतरू नये. विशेषतः सेनगाव तालुक्यातील श्री. वसराम यांनी. आमचे आम्ही मिटवू. कळावे, सत्यभामाबाई.'

"नाव कशाला घातलं?"

"नाव नसेल तर आवाहन कुणाला केलं, ते कळत नाही."

"त्या अध्यक्षानं कुठं घेतलं कुनाचं नाव?"

"त्यांना राजकारण सांभाळायचं असतं. तुम्हाला काय सांभाळायचंय?"

सत्यभामाबाईंना सोयरीक सांभाळायची होती. पण शिकलेल्या माणसाला किती वेळा टोकायचं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सहा वाजता ते आवाहन भोंग्यावरून दोनदा वाचलं गेलं. आता त्या गावात भोंगा दोनच कामांसाठी लागतो. नळाचं पाणी सुटल्याचं सांगायला आणि जेवणाचं आवतन द्यायला. भोंग्यावरून ज्याचं नाव घेतलं, त्यानं जेवायला जायचं, आणि नाही गेला तर तो अपमान धरला जातो. पुढचं-मागचं वाक्य कोणी ऐकत नाही. हे सहा वर्षांत उद्धवरावांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांनी पस्तीस वर्षं निरोप पाकिटातून पोचवले होते.

कोणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड करून सेनगावाकडं पाठवलं. आवाहनाचा परिणाम एवढाच झाला, की फौज एक दिवस आधी आली. बुधवारी साडेअकराला वसराम दारात उतरला. सोबत सात जण.

"येऊ नको म्हनलं होतं की, पाव्हणं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"ते ऐकलं मामी. पन नाव घेतलं ना तुमी. सगळ्या गावासमोर. मग न येनं बराबर दिसलं न्हाई."

आठ जण ओसरीवर बसले. पाणी झालं, चहा झाला. वसरामनं सांगितलं, की आधी जेवण, मग बोलणं. सोयऱ्याच्या घरी उपाशीपोटी वाटणीचं बोलू नये, अशी रीत आहे.

"व्हय, रीतच हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंग मेंढरू कोनाच्या वाट्यातलं कापू?"

"रामप्रसादच्या," मसाजी म्हणाला.

"पाहुने तुझे, मेंढरू माझं काहून?"

"वाटणी झाल्यावर कापा की," वसरामच्या सोबतचा एक जण म्हणाला.

"वाटणी जेवल्याबिगर होत न्हाई, असं आत्ताच ठरलं ना बापा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मग वसराम उठून मेंढरांच्या वाड्यापाशी गेला. त्यानं स्वतःची मेंढरं विकून जीप घेतली, त्याला आठ वर्षं झाली होती. त्यानं मोठ्या शिंगांच्या मेंढ्याकडं बोट दाखवलं.

"तो न्हाई," दोघे भाऊ एकदमच म्हणाले. रामप्रसादनं कारण सांगितलं, "कळपाला नर म्हणून तोच ठेवलाय."

"मंग ती पांढरी?"

"तिच्या पोटात पिल्लू हाय," मसाजी म्हणाला.

"महिना राह्यला तिला," रामप्रसाद म्हणाला. मसाजीनं त्याच्याकडं पाहिलं. याला महिना कसा ठाऊक, असं त्याच्या तोंडावर होतं.

वसरामनं तिसरं मेंढरू दाखवायच्या आत दोघे वाड्याच्या दाराच्या झापासमोर येऊन उभे होते. खांद्याला खांदा लागत होता. एकोणीस दिवसांत ते इतके जवळ आले नव्हते.

दीपमालानं पिठलं-भाकरी वाढली.

"भावाला पिठलं?" वसराम म्हणाला.

"दादा, मीच फोन केला, ते खरं. पन मेंढरू मागशील, असं न्हाई वाटलं. पोटभर खाय."

आठ जण पोटभर जेवले. वाटणीचा विषय नंतर कोणी काढला नाही. मटणाबिगर बैठक बसत नाही, असं एक जण जीपमध्ये चढताना म्हणाला. तीन वाजता जीप गेली. रामप्रसादनं सासरी फोन करून सोळा जणांना थांबवलं. कारण सांगितलं नाही.

शुक्रवारी पेपरात बातमी होती, की त्या राष्ट्राध्यक्षांचं आवाहन कोणी मानलं नाही. दोन देशांच्या फौजा उतरल्या.

"जेवायचं काही लिवलंय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नाही."

"त्या अध्यक्षानं आधी तेच इचारायला पायजे होतं," त्या म्हणाल्या.

शेताचं भांडण मात्र उरलंच होतं. बुधवारी संध्याकाळीच भावांनी मेंढरं रात्री कोंडायची जाळी मधल्या बांधावर आडवी धरून अर्धी इकडं, अर्धी तिकडं लावली होती. मेंढरू बसेल तिथं बसेल. शनिवारी सकाळी मसाजी आईकडं तक्रार घेऊन आला. तीन रात्री मोजून पाहिलं, रामप्रसादच्या बाजूला रोज रात्री चाळीसच्या वर बसतात. तिकडं वारं लागत नाही. हे काही बराबर नाही.

"बराबर न्हाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वसरामला बलवू का?"

मसाजी जाळी सरकवायला गेला. दुसरं टोक धरायला रामप्रसादला हाक मारावी लागली.