गंगुबाई राहिली

त्या वर्षी बाळकुमात ज्याच्या त्याच्या घरी तापाचं माणूस लपवत. प्लेगची तपासणी करणारे सरकारी लोक येताना दिसले की कुणी आजाऱ्याला पेंढ्याच्या उडवीमागे निजवी, कुणी खाडीकडच्या झुडपांत. गुणाजीने लपवलं नाही. त्याची दोन वर्षांची पोर नंदा तापलेल्या आईला बिलगून होती आणि तिला लागण होईल या भीतीने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शिपायाने दारातून विचारलं तेव्हा त्याने आत बोट दाखवलं. त्याची बायको लक्ष्मी लुगडं सावरून उठली आणि गाडीत जाऊन बसली.

गावाबाहेरच्या सरकारी झोपड्यांत ती आठव्या दिवशी वारली. नेली तेव्हा नुसता ताप होता. काखेत गाठ आली ती तिथं, पाचव्या दिवशी. लागण आधीचीच की तिथली, हे कुणालाच सांगता आलं नाही.

मिठागराचं काम चालू होतं तोवर गुणाजी आपला भाऊ विठ्ठल याच्याबरोबर आगरात जात राहिला. वैशाखात आगर बंद झालं आणि तो बसला तो बसलाच. रडत नव्हता. भात तोंडात घेई आणि गिळायला विसरे. नंदा रडायची, ते खाडीपलीकडून कुणी हाका मारल्यासारखं त्याला ऐकू येई. उठून जावं इतकं जवळचं वाटत नसे. भावजय पोरीला भरवी आणि त्याच्या नावाने बोटं मोडी. विठ्ठलने समजावलं, शिव्या दिल्या, एकदा हातही उचलला. भगताने सांगितलं की बायकोनेच धरलंय. कोंबडा कापला, मिरच्यांची धुरी दिली. लक्ष्मीने धरलं असतं तर गुणाजीला बरंच वाटलं असतं. पण त्याला कुणीही धरलेलं नव्हतं.

भाद्रपदात सासू आली. मानपाड्याहून डोंबिवलीपर्यंत चालत आणि तिथून आगगाडीने. नंदाला कायमची घेऊन जायची आणि जावयाचं पुन्हा तोंड पाहायचं नाही, असं ठरवून आलेली गंगुबाई ओट्यावर उभी राहिली. भिंतीला टेकलेल्या माणसाची वाढलेली नखं, केसांच्या जटा, कुठंच न लागलेले डोळे तिने बराच वेळ पाहिले. मग बोचकं खाली ठेवलं.

"याला भूत नाय लागलंय," ती विठ्ठलला म्हणाली. "आमचे हे गेले तेव्हा मी अशीच पडलेली. आठ महिने. चूल माजी लक्ष्मी पेटवायची. नऊ वर्सांची होती."

ती राहिली. पहिल्या दिवशी गुणाजीला एवढंच सांगितलं की विहिरीवरून एक हंडा पाणी आण. त्याला दुपार झाली. तिने शाबासकी दिली नाही, दुसरं काम सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हंडा. पंधरा दिवसांनी दोन. आश्विनात तो पुन्हा आठ दिवस आडवा झाला. विठ्ठल म्हणाला, गेलं सगळं पाण्यात. गंगुबाईने आवाज चढवला नाही.

"पडायचं तर पड," ती म्हणाली, "पण आंघोळ करून पड."

मार्गशीर्षात तो आगरात जाऊ लागला, आधी अर्धा दिवस, मग पुरा. एकदा जेवताना सहज बोलून गेला की कालवण अळणी झालंय. भावजयीचा हात थांबला. इतक्या महिन्यांत त्याच्या जिभेला पहिल्यांदा चव कळली होती. गंगुबाईने मीठ पुढे सरकवलं आणि उठून परसात गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आपली पोर त्या आठ महिन्यांत काय जेवली असेल, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

चैत्रात ती निघाली. नंदाला नेणार नव्हती. सासूला तो आत्या म्हणे. इतक्या दिवसांत मनात धरलेलं त्याने तेव्हा विचारलं.

"आत्या, मी मारलं का गं तिला?"

गंगुबाई बोचक्याची गाठ मारत राहिली.

"होय म्हटलं तर तू परत पडशील. नाय म्हटलं तर मी पडेन. मना विचारू नको."

"मग इतके महिने माझं केलंस ते?"

"ते माज्या पोरीचं देणं होतं. तुजं नाय."

पुढे ती दर दिवाळीला येई, नातीसाठी. ओट्यावर बसे, नंदाची वेणी घाली आणि पाणी मात्र शेजारच्या घरचं पिई. गुणाजी कामाला जाई, जेवे, पोरीशी बोले. एखाद्या सकाळी अंग शिशाचं होऊन उठवत नसे. तेव्हा तो कसाबसा विहिरीवर जाई, आंघोळ करी, आणि मग वाटलंच तर पुन्हा पडे. बहुतेक वेळा पडत नसे.