भर दुपारचा दिवा

शेणवे गावच्या भगीरथचा मंडपाचा धंदा होता. हायवेला हॉल झाले तशी आसपासची लग्नं तिकडे गेली आणि नव्या झुंबरांची, पडद्यांची उधारी त्याच्या अंगावर राहिली. मुरबाडच्या वकिलांनी कोर्टात नादारीचा अर्ज करायला सांगितलं. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही तो, हेही समजावलं. तो शब्द भगीरथला एवढा लागला नाही. गावात मात्र लोक सरळ ‘दिवाळं काढलं’ म्हणत, तेव्हा त्याला मान वर करवेना. शेवटी गोदामाला कुलूप घालून कसाऱ्याहून नाशिकची गाडी धरायची, असं त्याने बायकोला, कुणालीला, सांगितलं.

कुणाली मुरबाडला गेली आणि तिच्या कापडवाल्या कमळूमामाला घेऊनच आली. मामाने आज्याकडून ऐकलेलं सांगितलं. पूर्वी व्यापारी बुडाला की गादी उलटी करून भर दिवसा दुकानात दिवा लावायचा. तो दिसला की ज्यांचं येणं असेल ते जमायचे आणि उरलंसुरलं वाटून घ्यायचे. दिवाळं हा शब्द त्या दिव्यावरूनच आला, असं आजा म्हणायचा.

“पळणारा दिवा लावीत नाय रे,” मामा म्हणाला. “जो बसून राहतो तो लावतो. लोक शिव्या देतील, पण त्याच्याशी बोलतील.”

रविवारी भगीरथने ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांना गोदामावर बोलावलं. भर दुपारी दारात समई लावली. दोघं-तिघं हसले.

“माझं दिवाळं निघालंय,” भगीरथ म्हणाला. “हाय ते हे एवढंच. वाटून घ्या. बाकीचं फेडायला मी इथंच हाय.”

स्वतःच्या तोंडून तो शब्द निघाला आणि कितीतरी दिवसांनी त्याने समोरच्यांच्या डोळ्यांत बघितलं. एकजण शिव्या देत निघून गेला. बाकीच्यांनी सामान वाटून घेतलं, उरलेल्यासाठी थांबायचं कबूल केलं. कोर्टात जायची वेळ आली नाही.

त्यांच्यातल्या खर्डीच्या लडकूने वाट्याला आलेले बांबू टेम्पोत भरले, आणि तो परत आत आला.

“म्हशाच्या जत्रेत दुकानांची पालं बांधायचीत. बांबू हायेत, बांधणारा नाय. येशील? अर्धी मजुरी उधारीत धरू, अर्धी घरी ने.”

पौषात भगीरथ म्हशाच्या माळावर बांबूवर चढून सुतळी आवळत होता. खालून एक घोंगडीवाला विचारत होता की पुढच्या जत्रेला त्याचं पाल कोण बांधणार. भगीरथने लडकूकडे बघितलं. लडकूने मान डोलावली.

“मीच बांधीन,” भगीरथ वरूनच म्हणाला.