डोळ्यातलं लेकरू

अथमानच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सियू या समुद्रकाठच्या गावात कुणाला नुसता डोळा चोळायचीही सोय उरली नव्हती. कुणाचा हात डोळ्याकडे गेला की हा उठून जवळ जाई, त्याची पापणी वर करून बघे आणि सांगे, "म्तोतो वा जिचो." म्हणजे डोळ्यातलं लेकरू. त्या किनाऱ्यावर मोतीबिंदूला हेच म्हणतात. त्याची धाकटी बहीण तिमा या प्रकाराला इतकी वैतागली होती की समोरून तो येताना दिसला की ती गल्ली बदलत असे.

त्या दिवशी मात्र तो थेट तिच्या घरातच आला, आणि दुखणारा डोळाही घरात हजर होता. तो पिलिपिलीचा होता. पिलिपिली म्हणजे मिरची. त्या तांबूस रंगाचं दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू तिमाच्या नातीने, नऊ वर्षांच्या मुनिराने, पाळलं होतं. सकाळी त्याचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता, कोपऱ्यात पिवळी घाण साचली होती आणि नाकाच्या बाजूने एक पांढुरका पापुद्रा अर्ध्या डोळ्यावर आला होता.

अथमानने वाकून पाहिलं आणि निदान करून टाकलं. तिमा म्हणाली की दोन महिन्यांच्या पिल्लाला मोतीबिंदू कसा होईल, तो म्हाताऱ्यांना होतो. अथमान म्हणाला, "लेकरू लेकराच्याच डोळ्यात बसणार ना? मला अगदी असंच झालं होतं." त्याच्या खिशात ऑपरेशननंतर उरलेल्या थेंबांची बाटली होती. तिमाने ती पुन्हा खिशात ठेवायला लावली.

तेवढ्यात शेजारणी जमल्या. एकीने काजळ घालायला सांगितलं. दुसरीची सून बाळाला पाजत होती, ती म्हणाली की माझ्या दुधाचे दोन थेंब पिळते. तिसरीच्या मते हे सगळं गाढवांवरच्या माश्यांमुळे होतं आणि मुळात माश्यांचाच बंदोबस्त करायला हवा होता. चुलीवरचा भात करपला. शेवटी तिमाने पलीकडच्या लामू बेटावरच्या जनावरांच्या डॉक्टरांना, म्वाचोफींना, फोन लावला. कानाशी सगळ्यांचा कलकलाट चालू होता, आणि सकाळपासून जो शब्द ऐकून ऐकून डोकं उठलं होतं तोच नेमका तिच्या तोंडून गेला. आमच्या पिल्लाला म्तोतो वा जिचो झालंय, ती म्हणाली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले की त्याची घाई नसते, पुढच्या महिन्यात मी तुमच्या बेटावर येणारच आहे, तेव्हा बघतो.

"बघ," अथमान म्हणाला. "डॉक्टरसुद्धा तेच म्हणतो."

तो तेच म्हणतोय कारण मीच त्याला तेच सांगितलं, हे तिमाला समजत होतं. तिने करपलेला भात खरवडायला घेतला.

दुपारच्या नमाजानंतर ती परत आली तेव्हा पिल्लू खाटेखाली भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. पंजाने डोळा घासत होतं. त्याच्यासमोर मुनिरा जमिनीवर पालथी पडली होती. किती वेळ झाला कोण जाणे, तिच्या गालावर चटईचे वळ उठले होते.

"आजी, अथमान आजोबांचं पांढरं डोळ्याच्या आत होतं ना? काळ्या गोलात?"

"होतं. मग?"

"याचं बाहेरून येतंय. नाकाकडून, पडद्यासारखं. आणि ते मागेपुढे होतं. उजेडात आणलं की हे डोळा गच्च मिटून घेतं."

तिमाने पुन्हा फोन लावला. डॉक्टर आता जरा चिडलेच होते. मावशी, मोतीबिंदूचं मी सकाळीच सांगितलं, असं त्यांनी सुरू केलं. तिमाने फोन सरळ नातीच्या हातात दिला. "हिला विचारा. हिला रोगांची नावं येत नाहीत, तेच बरं आहे."

मग डॉक्टर विचारत गेले आणि मुनिरा फक्त दिसेल ते सांगत गेली. एकच डोळा. कालपासून. शिंका नाहीत. सकाळी दूध प्यायलं, दुपारी नाही. डोळ्याचा वरचा थर चकचकीत आहे का? मुनिरा पुन्हा खाटेखाली गेली. चकचकीत आहे, पण आरशावर फुंकर मारल्यावर उमटतो तसा एक ठिपका आहे.

डॉक्टरांचा आवाज बदलला. हा मोतीबिंदू नाही, ते म्हणाले. ती मांजराची तिसरी पापणी. डोळा दुखायला लागला की ती अशी वर येते. दुखणं तिच्या मागे आहे. आजच घेऊन या. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून घाण पुसा, नाकाकडून बाहेरच्या बाजूला. एकदा वापरलेला बोळा पुन्हा लावू नका. दुसरं काहीही डोळ्यात घालायचं नाही.

"घातलंय का काही?" त्यांनी विचारलं.

मुनिराने आजीकडे पाहिलं. आजीने भावाकडे. दारात उभा असलेला अथमान आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

"एक थेंब," तो म्हणाला.

"दादा."

"तू नमाजाला गेलीस तेव्हा एक. आणि त्याआधी एक."

मुनिराने बाटलीवरचं नाव एकेक अक्षर करत वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले की हे ऑपरेशननंतर सूज उतरवायला चांगलं, पण डोळ्याच्या पृष्ठभागावर जखम असेल तर ती भरू देत नाही, उलट पसरवतं. तिसरा थेंब घालू नका.

भरती उतरायच्या आत सुटणारी शेवटची बोट त्यांनी पळत गाठली. पिल्लू खजुराच्या पानांच्या टोपलीत होतं. कुणी बोलावलं नसताना अथमानही चढला. त्याला वाटलं होतं की आपलं भलं झालं तसं याचंही होईल, असं तो लामू येईपर्यंत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत राहिला. तिमा समुद्राकडे तोंड करून बसली. तिला राग भावाचा होता, की सकाळच्या त्या एका शब्दाचा, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी पिल्लाच्या डोळ्यात नारिंगी रंगाचा एक थेंब सोडला, खिडक्या लावून घेतल्या आणि निळा दिवा धरला. बुबुळावर तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी रेघ चमकली. ओरखडा, ते म्हणाले, बहुतेक दुसऱ्या मांजराच्या नखाचा, आणि आता चिघळलेला. दिवसातून चार वेळा मलम घाला. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची चकती बांधा. जखमेच्या जागी पांढरं फूल थोडं राहील. दिसेल की नाही, ते आठ दिवसांनी घरीच बघता येईल. चांगला डोळा झाका आणि समोर कापसाचा बोळा सोडा. कापसाचा आवाज होत नाही, त्यामुळे मान त्याच्या मागे गेली तर ती बघूनच जाणार.

चार वेळचं मलम म्हणजे चार वेळची लढाई. पिल्लाला धरायचं काम तिमाने भावाकडे दिलं आणि त्याने मुकाट घेतलं. चौथ्या दिवशी त्याच्या मनगटांवर नव्या ओरखड्याला रिकामी जागा राहिली नव्हती. रोज तो विचारी की आता बघूया का, आणि रोज तिमा सांगे की आठ म्हणजे आठ.

आठ दिवस भरल्यावर, नवव्या सकाळी मुनिराने पिल्लाच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला. तिमाने बोळा सोडला. पिल्लाने मुनिराचा अंगठा चावला.

दुसऱ्यांदा अथमान म्हणाला, "बघ बाळा, बघ," आणि पिल्लाने त्याच्याकडे पाहिलं.

"तू श्वाससुद्धा घेऊ नकोस," तिमा म्हणाली.

तिसऱ्यांदा पिल्लाने मोठी जांभई दिली. मुनिरा रडवेली झाली. आज नाही दिसलं तर उद्या पुन्हा बघू, असं म्हणायला तिमाने तोंड उघडलं, पण तो धीर तिचा तिलाच खोटा वाटला. तिने चौथा बोळा जरा उंचावरून सोडला.

पिल्लाची मान हलली. वरून खाली, कापसाबरोबर, थेट चटईपर्यंत. मग पंजा पडला, बरोब्बर बोळ्यावर.

तिमाने आणखी एक बोळा सोडला, खात्री करायला. मग आणखी एक. मग खात्रीची गरज उरली नव्हती तरी सोडत राहिली, आणि पुडी रिकामी झाल्यावर भावाकडे न बघता म्हणाली, "दादा, दुकानातून कापूस घेऊन ये."

अथमान चपला शोधायला उठला.